वाळवंटी वनस्पतींच्या संग्रहाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील फिनिक्स येथील डेझर्ट बोटॅनिकल गार्डनवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, जिथे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत त्या कोल्हापुरात बसून परक्या वाळवंटातील बागेचे गोडवे कशाला गायचे. दुसरा असा की, पन्हाळ्याच्या वाटेवर शेताच्या कुंपणाला आपोआप वाढणारा निवडुंग पाटी लावून उभा केला, तर त्याला ‘संग्रह’ का म्हणायचे.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक येतो (तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा पाहताना जपावे). हे झाड एरंडाच्या कुळातले आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे मात्र लोकरीसारख्या मऊ, इवल्याशा गादीतून झुपक्याने निघतात आणि ते सारे कूळ, एखादा अपवाद सोडल्यास, मूळचे अमेरिका खंडातले आहे; आपल्या माळावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. दोन निराळी कुळे कोरड्या हवेत जगता जगता इतकी सारखी दिसू लागली, हे दोन्ही झाडे शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता पाटीविषयी. वनस्पती उद्यानात झाडाला नोंदक्रमांक असतो आणि त्यावरून ते कुठून व केव्हा आले हे कळते. ही नोंद नसेल तर उरते ती केवळ शोभा. १९३७ साली स्थापन झालेल्या फिनिक्सच्या त्या बागेत आज पन्नास हजारांहून अधिक झाडे आहेत. तिथल्या सग्वारो या उंच कॅक्टसला पहिली फांदी फुटायलाच अनेकदा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. पाणी वाचवण्यासाठी तो आपली रंध्रे (हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रे) रात्रीच्या गारव्यात उघडतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे गेला, रात्रीही निवल्या नाहीत, आणि बागेतल्या सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही झाडे मुळासकट कोसळली. वर्षानुवर्षे नजरेखाली असलेल्या झाडांचीच अशी हानी नीट अभ्यासता येते, म्हणून मी त्याला संग्रह म्हणतो.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चार महिने पाणी वाहते हे खरे, पण पुढे तोच कातळ उन्हात पाय ठेवू देत नाही. तिथल्या कंदीलपुष्प नावाच्या वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपाने तग धरतात आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतात. म्हणजे कोरड्या काळाशी झगडा त्यांनाही चुकलेला नाही. यांतल्या दुर्मीळ जाती शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जपल्या जातात. त्यांच्यावर मी आधी लिहायला हवे होते, ही आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

लेखात मी ‘निवडुंग’ हा एकच शब्द दोन्ही कुळांसाठी वापरला होता आणि आपला गैरसमज त्यातूनच झाला असावा. ती चूक माझी असून मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे.