गावाकडं घर बांधताय? मग हे वाचा

पुण्यातल्या वन बीएचकेत बसून तुम्हाला गावाकडं घर बांधायची हुक्की आली असेल, तर पहिला सल्ला असा, की कुणाला बोलू नका. बोललात की आत्तीचा फोन येणार, आणि जागेच्या उताऱ्यावर तिचंही नाव आहे हे तुम्हाला त्या फोनवर कळणार.

कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर घ्या, कागल घ्या, भुदरगड घ्या, आजोबांच्या मातीच्या घराला एक मालक कधीच नसतो. आजोबा गेले, वारस नोंद झाली, चुलते-आत्त्या चढल्या. मग एक चुलता गेला, त्याची पोरं चढली. करता करता तेरा नावं. एक विरारला, एक बेळगावात, एक आखातात. बारा सह्या मिळतील, त्याची काळजी नको. तेरावा भाऊ म्हणेल, "माझं काय म्हणणं नाही गा, दिवाळीला आलो की बघू." कुठल्या दिवाळीला, ते विचारायचं नसतं, भावकी दुखावते. तोवर एक भिंत बसते, खापऱ्या घसरतात, माजघरात पिंपळ उगवतो. पिंपळानं कुणाचीच संमती घेतलेली नसते, आणि त्याला अजून नोटीसही आलेली नाही.

वैतागून तुम्ही म्हणाल, रानात बांधू. दोन गुंठे घ्यायला गेलात, की जमिनीचे बारके तुकडे पाडून विकू न देणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा. 2023 मध्ये मर्यादा खाली आली, पण ती बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20. तेव्हा दहा गुंठे घ्या, दोनमध्ये घर बांधा आणि आठमध्ये ऊस लावा. ऊसतोड येईपर्यंत घराचा विषय आपोआप मागं पडतो. सवलती नाहीत असं नाही. घरकुलाला, विहिरीला, रस्त्याला आहेत. गावठाणापासून 200 मीटरच्या आत वेगळी बिगरशेती परवानगी नको, असंही महसूल संहितेत आलंय. फक्त गावठाण कुठं संपतं ते ठरायला मोजणी लागते, मोजणीला तारीख लागते, आणि तारखेला नेमका शेजारचा गडी हजर नसतो. नियमित मोजणी भरू नका, द्रुतगती भरा. मग थांबताना निदान जास्त पैसे भरल्याचं समाधान राहतं.

नदीकाठी जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं त्याच्या सरकारी खुणा, बघा. (हिची चेष्टा मी करणार नाही. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय.) पण काठ सोडून वर जायचं म्हटलं तरी घाई नको. 1989 च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली गावच्या लोकांना सोनतळीला प्लॉट दिले, आणि चिखलीत अजून चूल पेटते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघालं, की जनावरं सोडायची, बोचकी बांधायची.

शाहू महाराजांनी 1895 ला कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली, वडिलांच्या नावानं जयसिंगपूर सरळ रस्ते आखून उभं केलं. आज ते दाखला मागायला आले असते, तर टेबलावरचा माणूस म्हणाला असता, "महाराज, बिगरशेतीचा आदेश कुठाय? आणि बाजारपेठ कशाला, आधी हद्दवाढीचं ठरू दे." 1972 ला कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढ, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घ्यायचं, ठरतेच आहे. शहर म्हणतं या, आजूबाजूची गावं म्हणतात घरफाळा वाढतोय, नको. त्यावर तोडगा म्हणून 2017 ला 42 गावांचं, बांधकाम परवानगी देणारं वेगळं प्राधिकरण आलं. म्हणजे ज्यांना एक दार नको होतं, त्यांना दुसरं दार मिळालं.

म्हणून माझं ऐका. बांधकामाचा नकाशा काढून घ्या, चांगल्या कागदावर, आणि पुण्यातल्या हॉलमध्ये लावा. गणपतीला गावी जा, पडक्या भिंतीसमोर पोरांना उभं करून फोटो काढा. दर वर्षी नवा उतारा काढायला मात्र विसरू नका. गेल्या महिन्यात मी आमचा काढला. तेराव्या भावाचं नाव कमी झालंय, त्याच्या जागी सहा नावं चढलीत.