गेटवरचा दिवा

कर्वेनगरला आमचं दुमजली घर आहे. वर आम्ही, खाली दोन छोटे ब्लॉक भाड्याने. जूनमध्ये पुढच्या ब्लॉकमधल्या मुलीने विचारलं, "काकू, गाडी गेटच्या आत लावू का?" मी लगेच नाही म्हटलं. आत आमची चारचाकी असते, करारात पार्किंगचा उल्लेख नाही, आणि आज हिला दिलं की उद्या पाहुण्यांच्या गाड्याही येतील, ही भीती.

ती नर्स आहे. दुपारपाळी करून यायला साडेदहा वाजतात. एका रात्री मी बाल्कनीत उभी होते. तिने कोपऱ्यावरच्या खांबाखाली स्कूटी लावली, हेल्मेट न काढताच निघाली, किल्ली मुठीत धरून जवळजवळ पळतच फाटकाशी आली आणि अंधारात कडी चाचपडत राहिली. आमचा गेटवरचा दिवा गेलेला होता. किती दिवस, मला माहीतही नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. तिने जागा मागितली होती ती गाडीसाठी नव्हेच.

दुसऱ्या दिवशी दिवा बदलला. जुना कूलर भंगारात दिला, कुंड्या गच्चीवर नेल्या, आमची गाडी भिंतीकडे सरकवली. स्कूटी आरामात बसते. आपण घरमालक दिव्याबिव्याला उपकार समजतो, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 मध्ये अत्यावश्यक सेवांत पाण्याबरोबर जिन्यातले आणि येण्याजाण्याच्या वाटेतले दिवेही धरलेत.

म्हणून सगळ्यालाच हो म्हणायचं असं नाही. मागच्या ब्लॉकमधल्या मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड काढून जिन्याखाली चार्जिंगला लावली. पावसाचे दिवस, फरशी ओली, आणि आम्हाला वरून उतरायला तो एकच जिना. मी त्याच दिवशी बंद करायला लावलं, तो नाराज झाला तरी. मग इलेक्ट्रिशियनकडून त्याच्याच मीटरवर, जिन्यापासून लांब, कंपाउंडच्या भिंतीला शेडखाली वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. नीट अर्थिंग, जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, आणि करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी. खर्च निम्मा निम्मा.

आता दोघांच्याही करारात लिहिणार आहे: एकच दुचाकी, गाडीचा नंबर, जागा कुठली, पाहुण्यांच्या गाड्या बाहेर. पार्किंगचे वेगळे पैसे मी घेत नाही. आत लावलेल्या गाडीला ओरखडा गेला किंवा ती चोरीला गेली तर जबाबदारी कोणाची, तिथे मात्र मी अडले आहे. तुमच्या करारात याबद्दल काय मजकूर असतो, कमेंटमध्ये सांगाल का?