फेंटानिलचा पॅच आणि ड्रग टेस्ट: त्या मेसेजमध्ये खरं किती?

"फेंटानिलचा पॅच लावत असाल तर लघवीच्या ड्रग टेस्टच्या आदल्या दिवशी तो काढून ठेवा, भरपूर पाणी प्या. नाहीतर रिपोर्टमध्ये हेरॉइन येतं. आलंच, तर खसखस खाल्ली होती म्हणून सांगा." हा मेसेज पुन्हा फिरतोय. फेंटानिल म्हणजे तीव्र वेदनांवरचं जोरदार औषध, आणि पॅच म्हणजे ते त्वचेतून देणारी चिकटपट्टी. त्यातला एक सल्ला तर जिवावर बेतू शकतो.

आधी हेरॉइनचं बघू. 'ओपिएट' नावाची नेहमीची प्राथमिक तपासणी मुख्यतः मॉर्फिन आणि कोडीन ही अफूतली द्रव्यं शोधते. हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं, म्हणून तेही तिथे सापडतं. फेंटानिलचा मात्र अफूशी संबंध नाही. 1960च्या सुमारास बेल्जियमचे औषधसंशोधक पॉल यान्सेन यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. शरीरात त्याचं नॉरफेंटानिल होतं, मॉर्फिन कधीच नाही. त्यामुळे या तपासणीत ते बहुधा दिसतच नाही, त्यासाठी फेंटानिलची वेगळी तपासणी मागवावी लागते. हेरॉइनची खास खूण असते 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिन, आणि फेंटानिलमधून ती येणं शक्य नाही.

खसखशीचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिच्यात मॉर्फिन-कोडीनचे अंश असतात आणि ओपिएट तपासणी त्यामुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. पण फेंटानिल सापडल्यावर खसखशीचं नाव घेतलं, तर समोरचा फक्त हसेल.

पाण्याबद्दल फार बोलायला नको. लघवी पातळ झाली की तिच्यातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारं टाकाऊ द्रव्य) उतरतं, आणि प्रयोगशाळा तेही मोजते. 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना पातळ असल्याचा शेरा पडतो.

आता पॅच काढण्याबद्दल. पॅचमधलं औषध त्वचेत साठून हळूहळू रक्तात उतरत असतं. पॅच काढल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 20 तास किंवा जास्त लागतात, आणि नॉरफेंटानिल लघवीत पुढे काही दिवस दिसतं. म्हणजे चाचणीत औषध सापडायचं टळत नाहीच, वर मूळ दुखणं उसळतं. सवयीचं औषध अचानक तुटल्याने घाम, जुलाब, अस्वस्थपणा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग त्या हालात कुणी घाईने दोन पॅच लावतो, किंवा पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवतो. उष्णतेने औषध जास्त वेगाने शिरतं आणि श्वास मंदावतो. मला या मेसेजची खरी भीती इथे वाटते.

शिवाय चाचणी वेदनेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितली असेल, तर ते औषध सापडावं म्हणूनच बघत असतात. सापडलं नाही तर पहिला प्रश्न येतो: पॅच गेले कुठे?

चाचणी नोकरीसाठी असेल तर औषधाचं नाव, मात्रा आणि डॉक्टरांची चिठ्ठी तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. इतर चालू गोळ्याही सांगाव्यात. रिस्पेरिडोन, ट्रॅझोडोनसारख्या मानसिक आजारांवरच्या औषधांनी फेंटानिलच्या काही प्राथमिक तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह आल्या आहेत. तशी शंका आली, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे नेमका रेणू ओळखणाऱ्या अचूक तपासणीने, खात्री करून मागता येते.