पाणी उकळताना रेणू फुटत नाही

‘पाणी उकळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, बुडबुडे त्याच वायूंचे असतात’ असा एक दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बुडबुड्यांत पाण्याची वाफच असते. (सुरुवातीला भांड्याला चिकटलेले बारीक बुडबुडे मात्र विरघळलेल्या हवेचे.) हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण स्फोटक असतं; दावा खरा असता तर पेटत्या शेगडीवर पाणी उकळायची कोणाची छाती झाली नसती!

आकडेच पाहा. १०० अंश सेल्सिअसला एक मोल, म्हणजे साधारण १८ ग्रॅम, पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्याच रेणूंच्या आतले, अणूंना जोडून ठेवणारे सगळे सहसंयुज बंध तोडायचे तर ९०० हून अधिक. उकळताना तुटतात ते रेणू-रेणूंमधले हायड्रोजन बंध, म्हणजे त्यांचं परस्पर आकर्षण. रेणू आतून शाबूत राहतो.

‘सहसंयुज बंध मजबूत, म्हणून पाण्याचा उत्कलनांक जास्त’ हेही याचंच भावंड. मग मिथेनचं काय? त्याचेही बंध चांगलेच मजबूत, तरी तो उणे १६१ अंशांना उकळतो, कारण त्याच्या रेणूंमधलं परस्पर आकर्षण क्षीण आहे. हिऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे सुटे रेणूच नाहीत, अख्खा स्फटिक सहसंयुज बंधांनी विणलेला आहे, म्हणून तिथे तेच बंध तोडावे लागतात.