कुठलं ऑर्किड ते आधी सांगा

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या जावेनं एक मेसेज पुढे पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी, तुमच्या गॅलरीसाठी.’ दोन दिवसांत तोच मेसेज आणखी तिघांकडून आला, म्हणजे बडोद्यात तो बराच फिरतोय. त्यातला उपदेश असा : ऑर्किड हे बांडगूळ आहे, आंब्याला बांधलं तर आंबा वाळतो. ते थंड हवेचं झाड आहे, आपल्या उन्हाळ्यात एसीशिवाय जगत नाही. त्याला आठवड्याला बर्फाचे तीन खडे द्यावेत, बाकी पाणी नको. ते एकदाच फुलतं, फुलं गळाली की टाकून द्यावं. खत देऊ नये, नारळपाणी द्यावं.

दांडिया बाजारातल्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत आज चौदा कुंड्या टांगलेल्या आहेत. एसी बेडरूममध्ये आहे, आणि तिथे ऑर्किडांना प्रवेश नाही.

मेसेज सगळाच खोटा असता तर सोपं होतं. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या ऑर्किडला थोडीफार लागू पडते आणि बाकीच्यांना मारते. ऑर्किड हे एका झाडाचं नाव नाही. ते एक अवाढव्य कुळ आहे, जगभरात सुमारे अठ्ठावीस हजार जाती असलेलं. गवताच्या कुळात दूर्वाही येतात, ऊसही येतो आणि बांबूही. दूर्वांना किती पाणी लागतं ते विचारून कोणी ऊस लावत नाही.

माझ्या चौदांपैकी दहा कुंड्या डेंड्रोबियमच्या. हे नाव ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७९९ साली दिलं, ग्रीक भाषेतल्या ‘झाड’ आणि ‘जीवन’ या दोन शब्दांवरून. या एका प्रजातीतच दीड हजारांहून जास्त जाती आहेत. हिमालयाच्या उतारांपासून आग्नेय आशिया, जपान, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, थेट न्यूझीलंडपर्यंत त्या पसरल्या आहेत. आपल्या सह्याद्रीतही आहेत. तिथल्या डेंड्रोबियम बार्बाट्युलमची पानं पावसाळा संपला की झडतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नागड्या काड्यांवर पांढरी फुलं येतात. ही सगळी मंडळी एका सल्ल्यावर कशी जगणार?

आता बांडगुळाचं. आमच्या गल्लीत आंब्यावर खरं बांडगूळ आहे, नारिंगी नळीसारख्या फुलांचं. ते आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि आंब्याचं पाणी आणि क्षार ओढून घेतं. ऑर्किडची मुळं सालीवर नुसती चिकटतात. झाडाच्या आत एक धागासुद्धा जात नाही. पावसाचं पाणी, सालीवर साठलेला कचरा, हवेतला ओलावा यांवर त्याचं भागतं. झाड त्याला फक्त उंची आणि उजेड देतं, भाडं न घेणाऱ्या घरमालकासारखं. आमच्या मागच्या वाड्यातल्या आंब्याला मी सात वर्षांपूर्वी एक वांडा, म्हणजे आणखी एका प्रजातीचं ऑर्किड, सुतळीनं बांधला. सुतळी कुजून गेली, वांडा आहे, आणि त्या आंब्याच्या कैऱ्यांवरून वाड्यात दर वर्षी भांडणंही तशीच आहेत.

गंमत म्हणजे हा घोटाळा जुना आहे. ‘वांडा’ हे शास्त्रीय नाव संस्कृतातल्या ‘वन्दा’वरून आलं, आणि संस्कृतात तो शब्द झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतींसाठीही वापरतात. भाषेनंच दोघांना एका पंगतीला बसवलं, तिथे मेसेज लिहिणाऱ्याला किती दोष द्यायचा? मराठीत मात्र ‘आमरी’ असा वेगळा, देखणा शब्द आहे. माझ्या कोकणातल्या माहेरी फणसावर, आंब्यावर सीतेची वेणी लोंबायची. तीही आमरीच. आसामात तेच फूल बिहूला मुली खरोखरच केसात माळतात, आणि ते त्यांचं राज्यफूल आहे.

थंड हवेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या भीतीनं लोक ऑर्किड लावतच नाहीत. न्यू गिनीच्या उंच, धुक्यातल्या डोंगरांवर डेंड्रोबियम कथबर्टसोनी नावाचं बोटभर झाड वाढतं. ते बडोद्यात आणलं तर मेसेज खरा ठरेल, आणि एसीसुद्धा त्याला वाचवेल असं वाटत नाही. पण लग्नाच्या मांडवात लावतात ती जांभळी-पांढरी ‘सोनिया’ आठवा. तिच्या घराण्यातलं मुख्य झाड डेंड्रोबियम बिगिबम, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातलं, क्वीन्सलँड राज्याचं मानाचं फूल. त्याला आपला मे चालतो, डिसेंबरची रात्रच बोचते. पारा पंधराच्या खाली जायला लागला की मी ती कुंडी आत भिंतीशी सरकवते. आणि वांडा टेसेलाटा तर गुजरातच्याच जंगलांत आंब्या-महुड्यांच्या फांद्यांवर वाढतो. त्याला कोण एसी लावतं?

शिवाय यांतल्या बऱ्याच जातींनी उन्हाळ्यावर एक युक्ती काढली आहे. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी गमावतात. ही रात्री छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारं बंद करून उन्हात तो वापरतात. निवडुंगाचीही हीच रीत. म्हणून आपल्याकडे त्रेचाळीस अंशांपेक्षा खरा त्रास कोरड्या वाऱ्याचा असतो. मी मे महिन्यात संध्याकाळी गॅलरीची फरशी ओली करते, कुंड्यांखाली ओल्या विटांचे ट्रे ठेवते आणि वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधते. पहिल्या वर्षी नेट न बांधता तीन झाडं गच्चीवर ठेवली होती. चार दिवसांत पानांवर पांढरे चट्टे पडले. तेव्हा मीही सगळ्यांना सांगत सुटले होते की इथली हवा त्यांना मानवत नाही. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उशिरा समजलं.

बर्फाच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचं तर तो सल्ला अगदीच वाऱ्यावरचा नाही. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली फॅलेनोप्सिसवर, म्हणजे पतंगासारख्या रुंद फुलांच्या ऑर्किडवर, तो प्रयोग केला होता. सालीच्या तुकड्यांत लावलेल्या, घरात ठेवलेल्या झाडांचं त्यात नुकसान झालं नाही. पण तीन खडे वितळले की जेमतेम अर्धी वाटी पाणी होतं. उघड्या गॅलरीत, मातीऐवजी कोळशात लावून टांगलेल्या डेंड्रोबियमला मे महिन्यात तेवढं पाणी म्हणजे तहानलेल्याला चमचाभर तीर्थ. त्यापेक्षा मुळं बघावीत. त्यांच्यावर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असला की मूळ रुपेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. रुपेरी दिसलं की कुंडी बादलीत दहा मिनिटं बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. उन्हाळ्यात मी हे रोज करते, पावसाळ्यात कधी कधी आठवडाभर नाही. पाणी कसलं, हेही बघायला हवं. आमच्या बोअरचं पाणी जड, कोळशावर पांढरी पुटं चढतात. काही जण आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी ऑर्किडला घालतात, पण त्यात क्षार उलट जास्त असतात. मी पावसाचं पाणी पिंपात धरते.

‘एकदाच फुलतं’ ही ओळ वाचून मात्र मला रागच आला, कारण त्या समजुतीनं मी स्वतः झाडं मारली आहेत. डेंड्रोबियमचं खोड उसासारखं पेरांचं असतं. दर वर्षी बुंध्यातून नवी काडी येते आणि जुन्या काडीची पानं गळतात. ती वाळल्यासारखी दिसते, पण तिच्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, आणि पुष्कळदा पुढची फुलं तिच्यावरच येतात. मी पहिल्या दोन वर्षांत अशा काड्या ‘साफसफाई’ म्हणून छाटल्या. नवी काडी बिचारी उपाशी वाढली. आता काडी पूर्ण सुकून पोकळ होईपर्यंत मी कात्री लावत नाही. सिंगापूर-मलेशियाकडे डेंड्रोबियम क्रुमेनाटम नावाची जात आहे. जोराच्या पावसानं हवा एकदम गार झाली की साधारण नऊ दिवसांनी परिसरातली सगळी झाडं एकाच सकाळी फुलतात आणि दिवसभरात मावळतात. वर्षातून कित्येकदा. एकदाच कसलं!

याच्या उलट डेंड्रोबियम नोबिले, सिक्कीमचं राज्यफूल. याला हिवाळ्यात गार रात्री आणि कोरडी विश्रांती लागते. माझ्याकडे ते तीन वर्षं फुललं नाही, कारण मी डिसेंबरातही लाडानं पाणी आणि खत देत राहिले. कळ्या यायच्या जागी पेरांवर छोटी झाडं फुटली, मुळांसकट. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर खत बंद केलं, पाणी दहा-बारा दिवसांनी, नुसतं शिंपडण्यापुरतं. बडोद्यात जानेवारीच्या काही रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेवढी थंडी कामी आली. मार्चमध्ये सात फुलं. सिक्कीमकराला हसू येईल, पण सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली होती.

खताचं थोडक्यात. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण यांत पोषण जवळजवळ नसतं. वाढीच्या दिवसांत पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला ग्रॅमभर, आठवड्यातून एकदा, एवढं पुरतं. नारळपाणी टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोपं वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत खरोखर वापरतात, त्यात पेशींची वाढ वाढवणारी द्रव्यं असतात. पण तिथे बाटली निर्जंतुक असते. गॅलरीत त्या साखरेवर बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते.

जावेला एवढं सगळं लिहिलं नाही. नोबिलेच्या पेरावरचं एक पिल्लू काढून छोट्या कुंडीत लावलं आणि तिच्या घरी पोचवलं, वर चिकटपट्टीवर झाडाचं पूर्ण नाव लिहून. काल तिचा फोन आला : ‘वहिनी, पान पिवळं पडलंय, बर्फ घालू का?’