‘सगळं नशीब असतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पोकेमॉन फायररेड या व्हिडिओ गेममध्ये झॅपडोस हा पकडायला अवघड पोकेमॉन (खेळातला प्राणी) कसा पकडावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: “रिकामटेकडे उद्योग. चॅरिझार्ड 80 लेव्हलला न्या, अल्ट्रा बॉल फेकत बसा, लागला तर लागला, सगळं नशीब असतं. आणि हे आकडे कोणत्या गेमचे? लहान पोरांच्या खेळावर एवढं लांबण कशाला?”

आधी ‘रिकामटेकडे’बद्दल. मी दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि रात्री जेवणं उरकल्यावर लिहितो. लेख पटला नाही तर खुशाल सांगा, पण ओळख ना पाळख, माणसाच्या कामधंद्यावर घसरायचं कशाला? हेच तुम्ही नव्या पेठेत समोरासमोर चहा पिताना बोलला असता का?

आकड्यांचं म्हणाल तर एक मान्य. झोपलेल्या पोकेमॉनला पकडण्याची शक्यता दुप्पट होते हे फायररेडच्या पिढीपुरतं; 2010 च्या ब्लॅक-व्हाईट या पुढच्या गेमपासून ती अडीचपट झाली. ती ओळ आजच लेखात टाकली.

आता ‘सगळं नशीब असतं’. नाही, साहेब. झॅपडोसचा कॅच रेट, म्हणजे किती सहज पकडला जातो त्याचा आकडा, 3. एचपी (उरलेली ताकद) पूर्ण असताना त्या 3 चा तिसराच हिस्सा धरला जातो. अल्ट्रा बॉलने (पकडायला फेकायचा चेंडू) त्याची दुप्पट होते, म्हणजे 255 मध्ये 2, टक्काभरसुद्धा नाही. एचपी 1 वर आणला की तेच जवळपास 6 होतात आणि वर झोपवला की जवळपास 12. बॉल तोच, गेममधली किंमत तीच 1200, पण शक्यता पाच-सहापट. या सूत्रात तुमच्या पोकेमॉनची लेव्हल कुठेच येत नाही! 80 लेव्हलचा तुमचा चॅरिझार्ड 50 लेव्हलच्या झॅपडोसला एका फटक्यात आडवा करेल, मग पकडणार कुणाला? त्यासाठीच फॉल्स स्वाइप हा हल्ला, जो समोरच्याचा 1 एचपी शिल्लक ठेवतो. सायथर या पोकेमॉनला तो येतो.

झोपवायला पॅरासेक्ट या पोकेमॉनचा स्पोर हा डाव 100 टक्के अचूक, म्हणून बरेच जण तो इथे नेतात. नेऊ नका. झॅपडोसचा ड्रिल पेक हा चोचीचा हल्ला त्याला चौपट लागतो. त्याऐवजी हिप्नो हा पोकेमॉन न्या. त्याचं झोपवणारं हिप्नोसिस 60 टक्केच लागतं, पण तो टिकतो. बॉल फेकताना पुढे ग्रॅव्हलर हा पोकेमॉन ठेवा. झॅपडोसचा थंडर वेव्ह हा विजेचा डाव त्याच्यावर चालतच नाही आणि ड्रिल पेक निम्माच बसतो, त्यामुळे झॅपडोस मधेच जागा झाला तरी घाबरायचं कारण नाही. विष मात्र देऊ नका. 1 एचपीवरचा पोकेमॉन टर्न (एक फेरी) संपताच विषाने पडतो आणि आपण बॉल हातात धरून बघत राहतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरी चुलत भावाचा एकच गेमबॉय होता, कार्ट्रिजमध्ये सेव्ह एकच आणि खेळणारे आम्ही सगळे. झॅपडोस पडला आणि वर कुणी सेव्ह केलं, की तो सगळ्यांचाच गेला. मे महिन्याच्या दुपारी, पंखाही बंद, ‘आता कोण फेकणार’ यावरून आमची हाणामारी व्हायची. नशिबावर सोडायची चैन आम्हाला परवडत नव्हती. ज्याच्याकडे स्वतःचं मशीन होतं, त्याने खुशाल नशीब म्हणावं.

लांबणीबद्दल आणि लहान पोरांबद्दल मला काही बोलायचं नाही. ज्याला नको त्याने वाचू नये.

गेममधल्या पॉवर प्लांटमध्ये झॅपडोससमोर उभं राहून आधी सेव्ह करा. एकदा तुमच्या पद्धतीने खेळा, मग रीसेट करून माझ्या. किती बॉल गेले ते दोन्ही आकडे इथेच लिहा. तुमचे कमी निघाले तर ते तुमच्या नावानिशी लेखाच्या वर लावतो.