कोंबड्यांचं औषध अंगात मुरलं म्हणून कुणी ठणठणीत होत नाही

परवा रात्री मावसभावाने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे खरंय ना? मग मास्कबिस्क कशाला?" तो चार वर्षं ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या, शेडवर कामाला आहे. खाद्य भरणं, ड्रिंकर धुणं, तूस हलवणं, मेलेली पिल्लं उचलणं, टाकीत औषध कालवणं, सगळं तोच करतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लघवीचे, पुवाचे नमुने येतात, त्यांचं कल्चर लावायचं, म्हणजे त्यातले जंतू प्लेटवर वाढवायचे, आणि कोणतं औषध चालेल, कोणतं चालणार नाही ते बघायचं, हे माझं काम. मेसेज वाचला आणि तेव्हाच त्याला फोन लावला. अर्धा तास बोललो. पण तो मेसेज त्याच्या शेडवरच्या सगळ्यांकडे पोचलाय, म्हणून आता लिहायलाच बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अँटिबायोटिक रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला जंतूंनी दाद न देणं, याची पोल्ट्रीतल्या कामगारांनी काळजी करू नये, त्याचं खापर उगाच त्यांच्यावर फोडतात. औषध कोंबडीला देतात, माणसाला नाही. धुळीतून थोडं थोडं औषध अंगात जातं, ते लसीसारखं काम करतं, म्हणून शेडवरची माणसं आजारी पडत नाहीत. ताप आला तर टाकीतलीच पावडर चिमूटभर घ्यावी, औषध तेच असतं. मांस शिजवलं की जंतू मरतात. आणि औषध बंद केलं तर पिल्लं जगणारच नाहीत.

सुरुवात पावडरीपासून करते, कारण यात माणूस दगावू शकतो.

"औषध तेच असतं" हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते पटकन पटतं. डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं कोंबड्यांनाही देतात आणि माणसांनाही. पण एन्रोफ्लॉक्सासिन हे फक्त जनावरांसाठीचं औषध आहे, माणसासाठी त्याला मान्यता नाही. टाकीत घालायच्या पावडरीचा हिशोब पाण्याच्या लिटरवर आणि पक्ष्यांच्या वजनावर बसवलेला असतो. माणसाच्या एका चिमटीत त्यातलं किती औषध आलं हे मीसुद्धा सांगू शकणार नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या माणसाला अमॉक्सिसिलिनने जिवावर बेतणारी रिअॅक्शन येऊ शकते. पावडर घरी नेली आणि गरोदर बायकोला किंवा लहान मुलाला दिली तर आणखी वाईट. टेट्रासायक्लिनच्या गटातली औषधं वाढत्या दातांवर कायमचे डाग पाडतात.

मुळात बरेचसे ताप विषाणूंचे असतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. शिवाय शेडवरच्या माणसाचा ताप ही डॉक्टरांनी नीट बघायची गोष्ट आहे. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण होतो तो बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी जवळून संबंध आलेल्यांना. म्हणून ताप आला, धाप लागली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते "मी कोंबड्यांच्या शेडवर काम करतो" हे. मेसेज नेमकं याच्या उलट शिकवतो: टाकीतलंच घ्या.

माझ्या टेबलावर याचा आणखी एक परिणाम दिसतो. आधीच कुठलंतरी अँटिबायोटिक घेऊन आलेल्या रुग्णाचा नमुना लावला की बऱ्याचदा प्लेटवर काहीच उगवत नाही. जंतू अंगात असतो, पण अर्धवट दबलेला. रिपोर्ट कोरा जातो आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. चिमूटभर पावडरीने आजार बरा होत नाही, फक्त झाकला जातो.

आता लसीचं. धुळीत औषध असतं हे मी नाकारत नाही. जर्मनीत डुकरांच्या एका शेडमध्ये 1981 ते 2000 या काळात साठवून ठेवलेल्या धुळीच्या नमुन्यांची तपासणी झाली, ती 2003 साली प्रसिद्ध झाली. बहुतेक नमुन्यांत अँटिबायोटिक सापडली, काहींत तर पाच-पाच. तेव्हा धुळीतून औषध अंगात जाऊ शकतं, मान्य. पण ते लसीचं काम करतं, हे कुठून काढलं? लस शरीराला जंतूची ओळख करून देते, त्यावर शरीर शिकतं. अँटिबायोटिक जंतू मारतं. शरीराला ते काहीच शिकवत नाही. थोडं थोडं औषध सतत मिळालं तर शिकतात ते जंतू. कच्चे मरतात, तग धरणारे उरतात, त्यांचीच पैदास होते. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेलच्या भाषणातच बजावून ठेवलं होतं की मारायला अपुऱ्या पडणाऱ्या मात्रेत औषध दिलं तर जंतू त्याला सरावतात. मेसेज ज्याला फायदा म्हणतो तेच नुकसान आहे.

"शेडवरची माणसं आजारी पडत नाहीत" हेही तपासून बघा. रेझिस्टंट जंतू आतड्यात असले म्हणून लगेच काही होत नाही. माणूस धडधाकट दिसतो, जेवतो, काम करतो. त्रास कळतो तो पुढे कधीतरी, लघवीचा संसर्ग झाल्यावर, जखम चिघळल्यावर, ऑपरेशननंतर. तेव्हा रिपोर्टवर एकेका औषधापुढे रेझिस्टंट, रेझिस्टंट असं लिहावं लागतं, आणि ते लिहिताना मला फार वाईट वाटतं.

"औषध कोंबडीला, माणसाला नाही." याचं उत्तर जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मिळालंय. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका फार्मवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घालायला सुरुवात केली आणि कोंबड्या, तिथे राहणारी माणसं आणि शेजारपाजारची कुटुंबं यांचे नमुने तपासत राहिले. 1976 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत फार्मवरच्या माणसांच्या 31.3 टक्के नमुन्यांत 80 टक्क्यांहून जास्त जंतू तसेच निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण 6.8 टक्के होतं. औषध होतं ते कोंबड्यांच्या खाद्यात. बदल झाला तो माणसांच्या पोटात. आणि दिलं एकच औषध, पण काही काळाने जंतू इतरही औषधांना पुरून उरू लागले, कारण या जनुकांची पुरचुंडी जंतू एकमेकांना एकत्रच देतात.

याच अभ्यासातली एक गोष्ट मी भावाला दोनदा सांगितली. ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी दहापैकी आठ जणांत टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जंतू सापडेनासे झाले. म्हणजे आता काय उपयोग, असं म्हणून हात टेकायचं कारण नाही.

2007 साली अमेरिकेतच पोल्ट्री कामगारांवर आणखी एक अभ्यास झाला. जेंटामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू अंगात असण्याची शक्यता कामगारांमध्ये त्याच भागातल्या इतरांच्या 32 पट निघाली. माणसं थोडी तपासली होती, तेव्हा 32 हा आकडा दगडावरची रेघ मानू नका. पण दिशा तीच आहे.

शिजवल्यावर जंतू मरतात, बरोबर. पण कामगाराचा संबंध शिजलेल्या मांसाशी नसतो. त्याचा संबंध विष्ठेशी, तुसाशी, पिसांशी, मेलेल्या पिल्लांशी. तो मास्क त्या धुळीसाठी आहे. साबणाने हात धुणं, शेडचे कपडे आणि बूट शेडवरच ठेवणं हे घरच्यांसाठी आहे.

औषध बंद केलं तर पिल्लं मरतील, हा मुद्दा घाबरवण्यापुरता आहे. आजारी कळपाला पशुवैद्याने तपासून औषध द्यायला कुणाचीच ना नाही. प्रश्न आहे तो वजन वाढावं म्हणून किंवा सवयीने रोज देण्याचा. स्वीडनने वाढीसाठीचा वापर 1986 सालीच बंद केला, युरोपीय संघाने 2006 पासून. डेन्मार्कमध्ये 1998 साली ब्रॉयलरमध्ये तो थांबला. मर वाढली नाही, खाद्य किंचित जास्त लागलं. त्यासाठी शेडची स्वच्छता, हवा आणि लसीकरण नीट लागतं, हेही खरं.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्याला द्यावी लागेल. माणसांमधल्या रेझिस्टन्सचं खापर शेडवरच्या कामगारावर फोडणं चूक आहे. माणसांनी स्वतःच उठसूट गोळ्या घेतल्याने तो मोठ्या प्रमाणावर वाढलाय. आणि टाकीत काय घालायचं हे कामगार ठरवत नाही. भावाला मी गेल्या लॉटमधली रिकामी पाकिटं शोधून फोटो पाठवायला सांगितलं. तीन फोटो आले. एकात जीवनसत्त्वं, एकात क्षार, तिसऱ्यात एन्रोफ्लॉक्सासिन. त्याला वाटत होतं तिन्ही टॉनिकच आहेत, कारण शेडवर सगळ्यालाच टॉनिक म्हणतात. चार वर्षांत त्याला कुणी एकदाही सांगितलं नाही की यातलं अँटिबायोटिक कोणतं. याचा मला त्या मेसेजइतकाच राग आला.

काल त्याने त्यांच्या ग्रुपवर लिहिलं की पावडरीचा मुद्दा चुकीचा आहे, कुणी घेऊ नका. थोड्या वेळाने दोघांनी त्याला वेगळं विचारलं की आधीच घेतली असेल तर काय करायचं. त्यांना कळवायला मी त्याला सांगितलं: ताबडतोब थांबवा, आणि आज डॉक्टरकडे जाताना पाकीट बरोबर न्या.